महासंघाची सुधारणा कागदावरची की खरी? तपासण्याची पद्धत

आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघात घोटाळा उघड झाला की वर्षभरात सुधारणांचा ठराव येतो, नवी आचारसंहिता छापली जाते आणि बातमी तिथंच संपते. त्या कागदांत किती दम आहे हे वार्ताहराला, जिल्हा संघटनेच्या पदाधिकाऱ्याला किंवा विद्यार्थ्याला स्वतः जोखता येतं. त्यासाठी वकील असावं लागत नाही, चिकाटी लागते. खालचा नमुना मुख्यतः फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाचा आहे. तिचे कागद संकेतस्थळावर मिळतात आणि लाचखोरीच्या आरोपांवरून पदाधिकाऱ्यांना २०१५ मध्ये झुरिकमध्ये झालेल्या अटकसत्रानंतर काय काय बदललं याची नोंदही आहे.

आधी कागद गोळा करा

महासंघाच्या घटनेच्या, म्हणजे मूळ नियमावलीच्या, तीन आवृत्त्या लागतात: घोटाळ्याआधीची, सुधारणेच्या वेळची आणि आजची. तिसरी विसरू नका. सुधारणा पातळ होते ती दोन-तीन वर्षांनी, कोणाचं लक्ष नसताना. शिवाय आचारसंहिता, निवडणूक नियमावली, शेवटच्या तीन आमसभांची इतिवृत्तं, वार्षिक हिशेब आणि विकास निधीचे नियम घ्या. जुनी आवृत्ती संकेतस्थळावरून काढून टाकली असेल तर इंटरनेट अर्काइव्हमध्ये शोधा. कलमांचे क्रमांक आवृत्तीगणिक सरकतात, म्हणून टिपण करताना क्रमांकाबरोबर आवृत्तीचं वर्षही लिहा. नाहीतर चूक दाखवायला निघालेला माणूस स्वतःच चुकीचं कलम उद्धृत करून बसतो.

संस्था कुठे आणि कशी नोंदलेली आहे हेही पहिल्या पानावर टिपा. फिफा आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती या स्विस कायद्याखालच्या सभासद-संस्था आहेत. आयसीसीचं मुख्यालय दुबईत असलं तरी तिची नोंदणी ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरची कंपनी म्हणून आहे. कोणती कागदपत्रं मागता येतील आणि कोणत्या न्यायालयात जाता येईल, हे यावर ठरतं.

मत कोणाचं, पैसा कोणाकडून

फिफाचे २११ सभासद आणि प्रत्येकाला एक मत. ब्राझीलला एक, कॅरिबियनमधल्या चिमुकल्या माँटसेराट बेटालाही एक. आता विकास निधीचा तक्ता शेजारी ठेवा. ‘फॉरवर्ड’ योजनेत २०२३–२६ या चार वर्षांसाठी प्रत्येक सभासदाला ८० लाख डॉलरपर्यंत मिळू शकतात. मोठ्या देशाच्या संघटनेला ही किरकोळ रक्कम, छोट्या बेटावरच्या संघटनेचा मात्र सगळा संसार तीवरच चालतो. म्हणून तीन प्रश्न विचारा: रक्कम कोण मंजूर करतं, हप्ता रोखण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि निवडणुकीच्या वर्षात वाटप वाढतं का? पैसा वाटणारा आणि मत मागणारा एकच असेल, तर निवडणूक कितीही गुप्त मतदानानं घेतली तरी पारडं आधीच झुकलेलं असतं.

पहारेकऱ्याला घरी कोण पाठवू शकतं?

वेळ कमी असेल तर एवढा एकच भाग करा. नैतिकता समिती, लेखा समिती आणि उमेदवारांची छाननी करणारी समिती, या तिन्हींसाठी एक तक्ता आखा. रकाने पाच: नेमणूक कोण करतं, काढतं कोण, मुदत किती, अंदाजपत्रक कोणाच्या हातात, निकाल कारणांसह प्रसिद्ध होतो का. बहुतेक लोक पहिला रकाना भरून थांबतात. खरी गोम दुसऱ्यात असते.

फिफाचंच पाहा. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुधारणा मंजूर झाल्या: कार्यकारिणीऐवजी परिषद हे नवं कारभारी मंडळ आलं, मुदतीवर मर्यादा आली, उमेदवारांची छाननी सुरू झाली. तीनच महिन्यांनी, मे महिन्यात मेक्सिको सिटीच्या आमसभेनं स्वतंत्र समित्यांचे सभासद नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार एका वर्षासाठी परिषदेलाच दिला. म्हणजे ज्यांच्यावर नजर ठेवायची, तेच नजर ठेवणाऱ्याला घरी पाठवणार. लेखा समितीचे अध्यक्ष डोमेनिको स्काला यांनी लगेच राजीनामा दिला. मार्च २०१७ मध्ये मिगेल मादुरो यांच्या छाननी समितीनं रशियाचे तेव्हाचे उपपंतप्रधान विताली मुत्को यांना परिषदेच्या निवडणुकीसाठी अपात्र ठरवलं. दोनच महिन्यांनी बहारीनच्या आमसभेत मादुरो यांना आणि नैतिकता समितीच्या दोन्ही प्रमुखांना पुन्हा नेमलं नाही. एकालाही बडतर्फ केलं नाही, फक्त मुदत वाढवली नाही. म्हणून तक्त्यात ‘मुदत’ या रकान्यात फेरनेमणूक कोणाच्या मर्जीवर आहे, हे वेगळं लिहा. एकदाच आणि लांब मुदतीची नेमणूक, फेरनेमणूक नाहीच, ही तरतूद सगळ्यांत भक्कम. ती क्वचितच सापडते, यात नवल नाही.

मुदतीची मर्यादा तपासताना मोजणी कुठून सुरू होते ते पाहा. फिफाच्या अध्यक्षाला चार-चार वर्षांच्या तीनच मुदती मिळतात. जियानी इन्फान्तिनो २०१६, २०१९ आणि २०२३ असे तीनदा निवडून आले. पण पहिले ३९ महिने पूर्ण मुदतीचे नव्हते, सबब ते मोजायचे नाहीत, असा खुलासा परिषदेनं डिसेंबर २०२२ मध्ये केला. कलमाचं अक्षरही बदललं नाही, तरी दार उघडलं.

‘स्वतंत्र’ या पदाची व्याख्याही वाचा. शशांक मनोहर २०१६ मध्ये आयसीसीचे पहिले स्वतंत्र अध्यक्ष झाले, ते बीसीसीआयचं अध्यक्षपद सोडल्यावर दोनच दिवसांनी. यात नियमाला धक्का लागत नव्हता, कारण एकाच वेळी राष्ट्रीय मंडळाचं पद असू नये एवढीच अट होती. मधे काही वर्षांचं अंतर सक्तीचं आहे का, हे शोधा. नसेल तर तसं स्पष्ट नोंदवा.

‘बाह्य हस्तक्षेप’ हे दुधारी कलम

सभासद संघटनेनं आपला कारभार सरकार किंवा इतर बाहेरच्यांच्या दबावाविना चालवावा, असं हे कलम सांगतं. महासंघ निलंबनाची धमकी देतो ती याच कलमाखाली. पत्र हाती आलं की चार गोष्टी अधोरेखित करा: कोणतं कलम, कोणाचा हस्तक्षेप, कोणत्या तारखेपर्यंत काय करायचं आणि निलंबन उठण्याची नेमकी अट. ही अट वाचली की महासंघाला खरं काय खुपलं ते कळतं.

भारताची दोन उदाहरणं शेजारी ठेवा. भारतीय फुटबॉल महासंघाची निवडणूक २०२० च्या अखेरीस व्हायला हवी होती, ती झाली नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रफुल पटेल यांची कार्यकारिणी हटवून प्रशासकांची समिती नेमली. ऑगस्टच्या मध्यावर फिफानं ‘त्रयस्थांचा अवाजवी प्रभाव’ म्हणत भारताला निलंबित केलं. नवी मुंबई, मडगाव आणि भुवनेश्वरची १७ वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा टांगणीला लागली. गोकुलम केरळच्या मुली ताश्कंदला पोहोचल्या होत्या, त्यांना न खेळता परतावं लागलं. वादाचा मुद्दा होता मतदार यादीत ३६ नामवंत खेळाडूंना वैयक्तिक मत द्यायचं की नाही. २२ ऑगस्टला न्यायालयानं प्रशासक समिती संपवली, खेळाडूंची मतं यादीतून गेली आणि २६ तारखेला निलंबन उठलं. २ सप्टेंबरला कल्याण चौबे ३३–१ नं जिंकले. हरले ते माजी कर्णधार बायचुंग भुतिया. चौबे भाजपचे, त्यांच्याआधीचे पटेल राष्ट्रवादीचे. त्यात ‘हस्तक्षेप’ कोणाला दिसला नाही. सरकारनं बाहेरून हात घालणं आणि राजकारण्यानं आतून निवडून येणं, या दोन गोष्टी हे कलम वेगळ्या मानतं. तपासणीतही त्या वेगळ्या रकान्यांत लिहा.

उलट, डिसेंबर २०१२ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेचं निलंबन झालं, तेव्हा ते उठवण्यासाठी ऑलिंपिक समितीनं आरोपपत्र दाखल झालेल्यांना निवडणूक लढवू न देण्याची अट घातली. संघटनेनं वर्षभर टाळाटाळ करून घटना बदलली. बंदी ११ फेब्रुवारी २०१४ ला उठली, म्हणजे सोची हिवाळी स्पर्धेच्या उद्‌घाटनाला भारतीय खेळाडू ऑलिंपिक ध्वजाखाली चालल्यावर. कलम तेच, पण इथं ते साफसफाईच्या कामी आलं.

गुणपत्रिका जपून वापरा

उन्हाळी ऑलिंपिक खेळांच्या महासंघांची संघटना शासनपद्धतीचा आढावा प्रसिद्ध करते. प्रत्येक निकषाला ० ते ४ गुण. सुरुवातीला तो उपयोगी पडतो, पण प्रश्नावली महासंघ स्वतः भरतो आणि बाहेरचे परीक्षक ती पडताळतात. समिती अस्तित्वात आहे का, हे गुणांतून कळतं. तिनं शेवटचा बडा माणूस कधी पकडला, हे कळत नाही. ते निकालांच्या यादीतून काढा: गेल्या पाच वर्षांत शिक्षा झालेल्यांत सत्ताधारी गटातले किती आणि हरलेल्या गटातले किती.

दाद मागायची असेल तर

तारखा आधी मोजा. स्विस सभासद-संस्थेचा ठराव घटनेविरुद्ध असेल, तर त्याला संमती न दिलेला सभासद तो कळल्यापासून एका महिन्यात न्यायालयात आव्हान देऊ शकतो. लोझानच्या क्रीडा लवादाकडे अपिलाची मुदत, वेगळी दिली नसेल तर, २१ दिवस. ती संपल्यावर १० दिवसांत सविस्तर म्हणणं सादर करावं लागतं आणि १,००० स्विस फ्रँक शुल्क परत मिळत नाही. निर्णय ज्या दिवशी हाती आला त्या दिवसाचा ईमेल किंवा पोच जपून ठेवा, कारण बरीच अपिलं मुद्द्यावर नव्हे, तारखेवर पडतात. घटनेत लवादाचं कलम आहे का आणि अपील करण्याचा हक्क फक्त राष्ट्रीय संघटनेला आहे की क्लब व खेळाडूलाही, हे अर्ज लिहायला बसण्याआधीच पाहून घ्या.