अल्ट्रासाउंडने उसाचा रस टिकवताय? या चुका टाळा

न उकळलेला उसाचा रस बाटलीत भरून विकायचा, ही कल्पना कोल्हापुरात दर हंगामाला कुणीतरी नव्याने घेऊन येतं. कल्पना चांगलीच आहे. उकळला की रस काकवीकडे झुकतो, ताजेपणा जातो. म्हणून उकळण्याऐवजी अल्ट्रासाउंडच्या, म्हणजे फार वेगाने कंप पावणाऱ्या ध्वनिलहरींच्या, मशीनने रसातले जंतू मारायचे. पण मशीन आल्यावर होणाऱ्या चुका मात्र ठरलेल्या.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे तापमान न मोजणं. शिरोलीकडचा एक तरुण रसातले जंतू वाढवून मोजायच्या प्लेटा घेऊन आला. "सर, एकही कॉलनी नाही!" (कॉलनी म्हणजे प्लेटवर वाढलेला जंतूंचा ठिपका.) प्लेटा खरोखर स्वच्छ होत्या. रस किती तापला होता, विचारलं तर थर्मामीटर लावलाच नव्हता. त्याच्यासमोर पुन्हा मशीन चालवलं, तर थोड्या वेळात बीकरला हात लावला की चटका बसायला लागला. मग तोच रस बर्फाच्या पाण्यात ठेवून तितकाच वेळ चालवला. जंतू जेमतेम कमी झाले. तिसऱ्या बीकरला मशीन न लावता नुसती तेवढीच ऊब दिली, तर प्लेट जवळजवळ पहिल्यासारखीच स्वच्छ. आणि पठ्ठ्याने 'उष्णतेविना' अशी लेबलं आधीच छापून घेतली होती!

हिशोब साधा आहे. 100 मिली पाण्यात 100 वॅट खरोखर उतरले, तर तापमान मिनिटाला साधारण 14 अंशांनी चढतं. 20 किलोहर्ट्झच्या लहरींनी द्रवात सूक्ष्म बुडबुडे होतात आणि ते कोसळताना जंतूंचं आवरण फाटतं, हे खरं. पण थंड रसात एवढ्यावर भागत नाही. 50 ते 60 अंशांची ऊब जोडीला असली की दोन्ही मिळून काम लवकर होतं. आणखी तापवून फायदा होईल असंही नाही. उकळीजवळ बुडबुड्यांत वाफ भरते आणि ते मऊ फुटतात.

म्हणून मी दर वेळी चार बीकर ठेवतो: लहरी आणि ऊब, नुसती ऊब, बर्फात लहरी, आणि काहीच न केलेला. यातला एक गाळून 'वेळ वाचवला' म्हणणाऱ्याचे आकडे मी वहीत उतरवून घेत नाही.

दुसरी चूक: डायलवरच्या टक्क्यांना वॅट समजणं. ते टक्के प्रोबच्या (रसात बुडवायच्या धातूच्या दांड्याच्या) कंपनाचे असतात. पडद्यावर वॅट दिसले तरी ती मशीनने ओढलेली वीज, रसात उतरलेली नव्हे. मोजलेलं पाणी घ्या, मिनिटभर चालवा, तापमान किती चढलं ते बघा आणि त्यावरून वॅट काढा. प्रोबचं टोक खडबडीत झालं असेल तर ताकद घटते, शिवाय टायटॅनियमचे कण रसात पडतात. मी टोक उजेडात धरून पाहिल्याशिवाय बटण दाबत नाही.

चष्मे-दागिने धुवायच्या अल्ट्रासाउंड टबात बाटल्या बुडवून जंतू मारायचा नाद सोडा. तिथे लहरी सगळीकडे सारख्या पोचत नाहीत. चालू टबात अॅल्युमिनियम फॉइल उभी धरून पाहा, भोकं काही ठिकाणीच पडतात.

फेसाळ रसात प्रोब घालू नका, हवा लहरी खाते. फडक्यातून गाळा, फेस बसू द्या.

थोडाच वेळ मशीन चालवून जंतू वाढलेले दिसले तर घाबरू नका. चिकटलेले पुंजके सुटे झाले की कॉलन्या जास्त मोजल्या जातात.

शिळा ऊस घेऊ नका. तोडून पडलेल्या उसात ल्युकोनोस्टॉक नावाचा जंतू वाढतो, रस बुळबुळीत होतो. मशीनने तो दोष निघत नाही.

दुधावर हाच प्रयोग करायची घाई नको. चरबीला जळकट वास येतो.

मशीन चालवताना कानाला आवाज रोखणारे मफ लावा.

शेवटची चूक जिवावर बेतणारी आहे. उसाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप; जितका आंबट, तितका आकडा कमी) साधारण 5 ते 5.5 असतो. 4.6 च्या वर बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, जंतू बंद बाटलीत वाढू शकतो, आणि त्याचे बीजाणू या लहरींना दाद देत नाहीत. लिंबू पिळलं म्हणजे झालं असं धरू नका. मीटर लावा, 4.6 च्या बराच खाली आलाय का बघा, आणि तरीही बाटली फ्रिजमध्येच ठेवा. दुकानदार 'बाहेर ठेवली तर चालेल ना?' विचारेल, त्याला स्पष्ट नाही म्हणा.