लेवीय वाचताना नवस आणि स्वखुशीचं अर्पण यात गोंधळ होतो? या चुका टाळा

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा ७वा आणि २२वा अध्याय वाचताना "नवसाचं किंवा स्वखुशीचं" हे आपण एका दमात वाचून पुढे जातो. मी पण कितीतरी वर्षं तसंच केलं, मग बायबलच्याच मलाखी पुस्तकात १:१४ मध्ये संदेष्टा एवढा का चिडलाय ते काही कळेना.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन्ही एकच समजणं. मिश्नामध्ये (यहुदी नियमांचा जुना संग्रह) फरक एकदम क्लिअर आहे, नवस करणारा म्हणतो "माझ्यावर होमार्पण (वेदीवर पूर्ण जाळायचं अर्पण) आहे" आणि खुशीने देणारा समोरच्या जनावराबद्दल म्हणतो "हे होमार्पण आहे". म्हणजे नवसाचं जनावर मेलं किंवा चोरीला गेलं तरी देणं फिटत नाही, दुसरं आणावंच लागतं, पण खुशीचं गेलं तर तिथेच विषय संपला. हे डोक्यात बसलं की २२:२३ पण सुटतं, तिथे एखादा अवयव लांब किंवा आखूड असलेला बैल खुशीने दिलेला चालतो, नवसाला नाही (मध्ययुगीन यहुदी भाष्यकार राशी तर म्हणतो की तो खुशीचा पण वेदीवर नाही, मंदिराच्या डागडुजीसाठी). आणि मलाखीचा शाप कोणाला, तर कळपात चांगला नर असून नवस बोलून खोड असलेलं जनावर आणणाऱ्याला.

दुसरं म्हणजे दिवस मोजताना घोळ होतो. उपकारस्तुतीचं (देवाचे आभार मानायचं), नवसाचं आणि खुशीचं, ही तिन्ही शांत्यर्पणंच (ज्यांचं मांस खातात ती अर्पणं), म्हणून सगळ्यांना एकच नियम लावू नका. उपकारस्तुतीचं मांस त्याच दिवशी संपवायचं, नवसाचं आणि खुशीचं दुसऱ्या दिवशी पण चालतं, तिसऱ्या दिवशी उरलेलं जाळायचं, आणि तेव्हा खाल्लं तर अख्खं अर्पणच नामंजूर.

जनावर बदलता येईल असं पण समजू नका, वाईटाच्या जागी चांगलं आणलं तरी नाही. २७:१० प्रमाणे मग दोन्ही पवित्र होतात, दोन्ही गेले हातचे! प्रथमवत्स (जनावराचं पहिलं नर पिल्लू) तर अर्पण म्हणून बोलताच येत नाही कारण तो आधीच देवाचा.

बायबलच्या गणना पुस्तकाचा १५वा अध्याय पण सोबत वाचाच, नुसतं जनावर पुरत नाही. कोकरामागे १/१० एफा (धान्याचं जुनं माप) सपीठ, १/४ हिन (द्रवाचं जुनं माप) तेल आणि १/४ हिन द्राक्षारस, बैलाला ३/१० एफा आणि तेल, द्राक्षारस अर्धा अर्धा हिन.

आणि नवस करायलाच हवा असं कुठेच नाहीये. बायबलमधलंच अनुवाद २३:२१-२२ म्हणतं, नवस केलाच नाही तर पाप नाही, उशीर मात्र पाप.