ट्रॅक्टरला बॅकहो: विकत घ्यायचा की भाड्याने आणायचा? या चुका टाळा

भाऊबीजेला बायकोबरोबर गोराईला गेलो होतो. जेवणं झाली, सुपारी कातरता कातरता मेव्हण्याने विषय काढला. "भाओजी, ट्रॅक्टर दारात नुसता उभा असतो. मागे बॅकहो बसवून घेतो. दर वेळी जेसीबीवाल्याच्या हातापाया पडा, वर तासाला अकराशे मोजा. त्यापेक्षा आपलं असलेलं बरं."

बॅकहो म्हणजे जेसीबीच्या मागे असतो तसला खोदायचा हात, तोच ट्रॅक्टरला मागे बसवतात. मेव्हण्याची वाडी आहे, दोन विहिरी, एक जुनं तळं. शिवाय आजूबाजूच्या बंगलेवाल्यांची सेप्टिक टँकची, पाइपलाइनची कामं तो अंगावर घेतो. ट्रॅक्टर ५० एचपीचा. मी दहिसरला राहतो आणि खोदकामाची छोटी कंत्राटं घेतो, म्हणून मला विचारलं. विचारलं कसलं, त्याचं ठरून झालं होतं, मी फक्त मान डोलवायची होती.

मी एवढंच म्हटलं, "गेल्या वर्षी जेसीबी किती तास लागला?"

"लागला की बऱ्यापैकी."

"बऱ्यापैकी म्हणजे?"

वहिनींनी देव्हाऱ्याखालच्या खणातून पावत्यांचा गठ्ठा आणून पुढ्यात ठेवला. अकरा पावत्या, मिळून ७४ तास. मेव्हण्याच्या डोक्यात आकडा दोनशेच्या वर होता.

पहिली चूक: तास न मोजता किंमत मोजणं

बॅकहो घ्यायला निघालेला माणूस आधी डीलरकडे जातो. आधी स्वतःच्या पावत्यांकडे जायला हवं. हिशेब फार अवघड नाही, मेव्हण्याच्या ओटीवर बसून एका पाठकोऱ्या कागदावर झाला. खालचे आकडे धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या भागातले टाका.

समजा बॅकहो ६ लाखांना बसला आणि ५ वर्षांनी ३ लाखांना गेला. म्हणजे वर्षाला ६० हजारांची घट. मधल्या काळात सरासरी साडेचार लाख अडकून पडले, ११ टक्क्यांनी व्याज साधारण ५० हजार. होज पाइप, पिन-बुश (सांध्यातल्या पिना आणि त्यांची कडी), सील, दात, ऑइल यांचे ४० हजार. विमा वगैरे १५ हजार. आणि मुंबईत जागा फुकट नाही, महिन्याला ३ हजार धरले तरी वर्षाचे ३६ हजार. बेरीज २ लाखांच्या आसपास. मशीन एक तासही चालवलं नाही तरी हे जाणारच.

आता दर तासाला वाचतं किती? भाड्याचे ११०० रुपये, ऑपरेटर आणि डिझेलसकट. स्वतःचं चालवलं तर ५ लिटर डिझेल, ९० रुपयांनी ४५०, आणि ऑपरेटरचे तासाला १५० धरू. झाले ६००. वाचले ५००. दोन लाख भागिले पाचशे म्हणजे ४०० तास. वर्षाला इतकं काम असेल तर बरोबरी, फायदा त्याच्या पुढे. मेव्हण्याचे तास ७४.

इथे तो म्हणाला, "मग मी बाहेरची आणखी कामं धरीन." सगळेच असं म्हणतात. बाहेरची कामं धरायची म्हणजे बोलणी करायची, उधारी वसूल करायची, रविवारीही फोन उचलायचा. तो वेगळा धंदा आहे. करायचा तर जरूर करा, पण बॅकहो घेतला म्हणून तो आपोआप सुरू होत नाही.

ऑपरेटरचा पगार तासात धरणं

वरच्या हिशेबात एक लबाडी आहे आणि ती मीही पूर्वी केली आहे. ऑपरेटरचे तासाला १५० धरले. पण चांगला ऑपरेटर तासावर थांबत नाही. काम नसलेल्या आठवड्यात तो दुसऱ्याचं मशीन धरतो आणि तुमचं काम निघतं तेव्हा "शेठ, परवा येतो" म्हणतो. त्याला बांधून ठेवायचं तर महिन्याचा पगार द्यावा लागतो. २२ हजार धरले तर वर्षाचे २ लाख ६४ हजार झाले. मग न चुकणारा खर्च ४ लाख ६४ हजार, तासाला वाचणारे ६५०, आणि बरोबरीला लागणारे तास थेट ७१४.

स्वतः चालवणार असाल तर गोष्ट निराळी, पण मग स्वतःच्या दिवसाचा काहीतरी भाव धरा.

पावसाळा आणि वाटेतला वेळ विसरणं

मुंबईत वर्ष बारा महिन्यांचं नसतं. मे संपता संपता महापालिका रस्ते खोदायचं थांबवते. सप्टेंबरअखेरपर्यंत तातडीचं सोडून चर मारता येत नाही. खासगी प्लॉटवरही जुलैत खणलेला खड्डा संध्याकाळपर्यंत विहीर होतो. हाताशी ८ महिने. ७१४ तास आठांत बसवायचे तर महिन्याला ८९ तास, म्हणजे रोज खरे ६ तास चाललं तरी महिन्यातले १५ दिवस. एवढं काम तुमच्या वहीत आहे का, बघा.

आणि खरे ६ तास हा शब्द जपून वापरला आहे. बोरिवलीहून गोराईला माणूस बोटीने खाडी ओलांडून काही मिनिटांत पोचतो. ट्रॅक्टर बोटीत चढत नाही. त्याला दहिसर चेकनाका, मिरा रोड, भाईंदर, उत्तन असा अख्खा वळसा पडतो, तोही ट्रॅक्टरच्या चालीने. पलीकडे उरण-पनवेलकडे काम घ्यायचं म्हणाल तर अटल सेतूवर ट्रॅक्टरला बंदी आहे, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरही आहे. शहरात गर्दीच्या वेळी अनेक रस्त्यांवर अवजड वाहनांना मनाई असते, ती तुमचं मशीन ज्याच्यावर लादाल त्या ट्रकलाही लागते. भाड्याचं मशीन आणलं तर हा डोकेदुखीचा भाग बहुतेक वेळा मालकाचा. कामाजवळचंच मशीन शोधा, दोनशे रुपये तासाला जास्त गेले तरी.

खाली काय आहे ते न बघणं

मुंबईची जमीन एकाच प्लॉटमध्ये दोन स्वभाव दाखवते. वर फूटभर माती, खाली काळा पाषाण. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्याची बनली आहे तोच बेसॉल्ट. ट्रॅक्टरचा बॅकहो माती आणि मुरूम झकास उचलतो, पण कातळावर तो नुसता दात घासत बसतो. ऑपरेटर जोर लावतो, ट्रॅक्टरची मागची बाजू उचलते, आणि तुम्ही तासाचे पैसे मोजत असता. तिथे ब्रेकर, म्हणजे दगड फोडणारा हातोडा, लागतो आणि तो पेलणारं मोठं मशीन. म्हणजे बॅकहो विकत घेऊनही कातळाच्या कामाला भाडं भरायचंच.

खाजणात याच्या उलट. दहिसर, गोराई, भांडुपकडच्या खाडीकाठी वरचा थर सुकलेला दिसतो, खाली लोण्यासारखा चिखल. तिथे स्टॅबिलायझरचे, म्हणजे मशीन स्थिर ठेवणारे, पाय टेकवले की सरळ आत जातात. पायाखाली जाड फळ्या टाकल्याशिवाय बूम, म्हणजे खोदायचा लांब हात, हलवू नका. आणि खारफुटीपासून ५० मीटरच्या आत मशीन नेण्याचा विचारही नको. उच्च न्यायालयाचे आदेश आहेत, गुन्हा नोंदवला जातो.

खरेदीआधी एक काम करा: वर्षभरात जिथे जिथे खणायचं आहे तिथे पहारीने दोन-तीन ठिकाणी टोचून बघा. खर्च शून्य.

थ्री पॉइंटवर टांगलेला बॅकहो

ही माझी स्वतःची जखम. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक जुना बॅकहो घेतला, ट्रॅक्टरच्या थ्री पॉइंटला, म्हणजे अवजारं टांगायच्या मागच्या तीन टोकांच्या जोडणीला, अडकवायचा. नांगरासारखा लावा, नांगरासारखा काढा, असं विकणाऱ्याने सांगितलं. पहिल्या मोसमात छान चालला. दुसऱ्या मोसमात एका दगडात बकेट अडकली, ऑपरेटरने ओढली, आणि मागून 'टक' असा आवाज आला. बारीक. संध्याकाळी ट्रॅक्टरखाली ऑइलचं थारोळं. मागचं हाउसिंग, म्हणजे गिअर ज्यात असतात ते ओतीव कवच, तडकलं होतं. बॅकहो जेवढ्याला घेतला त्याच्या निम्मे पैसे ट्रॅक्टर उघडून बसवण्यात गेले.

नांगर ओढायचा जोर वेगळा आणि बॅकहोचा झटका वेगळा. थ्री पॉइंटवर तो सगळा झटका लिंकच्या पिना आणि हाउसिंग खातं. सबफ्रेमवर बसवलेल्या बॅकहोत लांब लोखंडी फ्रेम ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढे जाते आणि जोर वाटून घेते. जास्त वजन, जास्त पैसे, बसवायला दिवस जातो. तरी घ्यायचाच असेल तर हाच घ्या. ट्रॅक्टरच्या कंपनीची बॅकहो बसवायला मान्यता आहे का आणि वॉरंटी राहते का, हे लेखी मागा. तोंडी "काही होत नाही साहेब" याला अर्थ नाही.

आणखी दोन गोष्टी बघायच्या. पंप कुठला? ट्रॅक्टरच्या स्वतःच्या हायड्रॉलिकला बहुतेक वेळा तेवढा ऑइलचा पुरवठा झेपत नाही, म्हणून पीटीओवर, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारा वेगळा पंप आणि वेगळी टाकी असते. पीटीओ ५४० आरपीएमचा आहे ना, जुळतो ना, ते पाहा. दुसरं, पुढे वजन. मागे बॅकहो टांगला की पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर स्टिअरिंग नुसतं फिरतं. पुढे वजनं लावा, नाहीतर लोडर बकेट.

जुनं मशीन रंग बघून घेणं

नवा पिवळा रंग मारलेला असेल तर जास्त सावध व्हा. बघायला जाताना मालकाला सांगा, मशीन आधी गरम करून ठेवू नका.

बूम आणि बकेट वर उचलून इंजिन बंद करायला लावा आणि लांब उभे राहून चहा घ्या. दहा मिनिटांत बकेट दिसण्याइतकी खाली आली तर सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह गेलाय. मग बकेट जमिनीवर टेकवून ती पहारीने हलवा. पिनेत खडखड झाली तर पिन-बुश झिजलेत. सिलिंडरचा रॉड हाताने चाचपा, अर्थात मशीन बंद असताना. खाडीजवळ राहिलेल्या मशीनच्या रॉडवर खारट हवेने बारीक खड्डे पडतात आणि ते नवं सीलही महिन्याभरात फाडतात.

नंतर पाऊण तास खणायला लावा. थंड असताना झपाझप आणि गरम झाल्यावर मंद चालत असेल तर पंप थकला आहे. टाकीतलं ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, पावसात उघड्यावर उभ्या मशीनचं हे हमखास लक्षण. फेस येत असेल आणि पंप किंचाळत असेल तर सक्शनच्या पाइपातून हवा ओढली जातेय. हे स्वस्तात सुटतं, भाव पाडायला मात्र उपयोगी.

होजची गळती हाताने कधीही शोधू नका. दाबातलं ऑइल सुईसारखं कातडीत घुसतं, वरून ठिपका दिसतो आणि बोट गमवायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा.

भाड्याने घेणारेही चुकतात

भाड्याने घेतलं म्हणजे सुटलो असं नाही. तास कुठून सुरू होतो हे आधी ठरवा: मालकाच्या अड्ड्यावरून, तुमच्या फाटकापासून की पहिल्या बकेटपासून? मीटरने की घड्याळाने? किमान चार तासांचे पैसे लागतात का? ब्रेकरचा भाव वेगळा का, जीएसटी आत की बाहेर? व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, नंतर ऐकायला सगळेच बहिरे.

सगळ्यात जास्त पैसे माती न मोजल्याने जातात. ३० मीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद, १ मीटर खोल चर म्हणजे १८ घनमीटर, साधारण सव्वासहा ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). खणल्यावर माती फुगते. पाव भाग जास्त धरला तर ८ ब्रास. ती ठेवायची कुठे? मी एका सोसायटीत पाहिलं आहे, डंपर सांगितलाच नव्हता. मशीन दोन तास चरात बकेट टेकवून उभं, मीटर चालू, आणि सेक्रेटरी फोनवर डंपर शोधतायत. कामं गोळा करा, डंपर, पाइप, गवंडी उभे ठेवा आणि मगच मशीन बोलवा.

कागद आणि जमिनीखालच्या तारा

ट्रॅक्टर शेतीसाठी नोंदवलेला असेल आणि तुम्ही त्याने लोकांची भाड्याची कामं करू लागलात, तर आरटीओचा दंड ही छोटी गोष्ट. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा वापर विचारते. बॅकहो बसवल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा आणि व्यावसायिक वापराचं काय ते आधीच मिटवा.

मुंबईत जमिनीखाली गॅस, वीज, पाणी, केबल यांची गिचमिड असते आणि जुने नकाशे फसवतात. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं, त्यावर खोदकामाची आगाऊ सूचना देता येते. ती द्याच, शिवाय हाताने दोन चाचणी खड्डे घ्या. इशाऱ्याची पिवळी टेप दिसली की मशीन बंद, फावडं चालू. भाड्याच्या मशीनने केबल तोडली तर भरपाई कोणाची, हे करारात लिहून घेता येतं. स्वतःच्या मशीनने तोडली तर लिहायला कोणी उरत नाही.

मेव्हण्याने बॅकहो घेतला नाही. जानेवारीत तळ्याचा गाळ, सेप्टिक टँकचे तीन खड्डे आणि एका बंगल्याची पाइपलाइन अशी कामं लागोपाठ लावून त्याने सलग चार दिवस मशीन भाड्याने आणलं, रोजचा भाव घासून कमी केला. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये आता एक वही असते. परवा बघितली, मेअखेर ५८ तास. "तीनशेवर गेलं की परत बसू," म्हणाला.