लहान मुलांसाठी लिहायचंय? आधी त्यांच्या अंगणात जा

मुलांसाठी गोष्ट लिहायला बसलं की आपण बरेच जण आधी ठरवतो गोष्टीतून काय शिकवायचं, आणि मग त्या शिकवणीला शोभेल असा ससा नाहीतर राजू शोधत बसतो. मीपण हेच करायचे. माझ्या पाच वर्षांच्या भाचीला मी खरं बोलण्यावरची माझी गोष्ट वाचून दाखवत होते आणि ती माझ्या ओढणीचा गोंडा बोटाला गुंडाळत बसलेली. गोष्ट संपल्यावर तिने एकच विचारलं, "मावशी, त्या सशाला रात्री भीती वाटते का गं?" गोष्टीत रात्र नव्हतीच! पण त्याच आठवड्यापासून ती वेगळ्या खोलीत झोपायला लागली होती. तिला हवी असलेली गोष्ट त्या भीतीची होती, आणि मी भलतीच लिहून बसले होते.

म्हणून आधी लिहू नका, बघा. आठवडाभर एक वही जवळ ठेवा, मुलं कशावरून रडतात, खिशात काय लपवतात, कशाला हात लावू देत नाहीत, ते त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा. धाकटं भावंड आलं, दात हलायला लागला, शाळेत डबा सांडला, व्हॅनवाले काका उशिरा आले, आपल्याला हे किरकोळ वाटतं पण त्या मुलाचा अख्खा दिवस त्यातच गेलेला असतो. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, मग त्या बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या आणि त्यातूनच अंगणवाडी उभी राहिली. लिहिणाऱ्यानेही तेच करायचं असतं असं मला मनापासून वाटतं.

दुसरं, मूल स्वतः वाचणारे का कुणीतरी वाचून दाखवणारे हे पक्कं करा, कारण यात खूप फरक पडतो. नुकतं काना-मात्रा-वेलांटी शिकलेलं मूल 'सर्वत्र' किंवा 'आश्चर्य' पाशी असं अडकतं की रफार सोडवता सोडवता मागचं वाक्यच विसरतं, त्याच्यासाठी 'बदक', 'घागर', 'पाऊस', 'पळाला' असे शब्द घ्या, वाक्य चार-पाच शब्दांचं ठेवा आणि तेच वाक्य परत परत येऊ द्या. वाचून दाखवायच्या गोष्टीत मात्र अवघड शब्दाला घाबरू नका, उलट मुलांना 'घनघोर', 'अक्राळविक्राळ' असे शब्द तोंडात घोळवायला फार आवडतात. लांबीचा अंदाज हवा असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवरच्या वाचनपातळ्या बघा, पहिल्या पातळीची गोष्ट साधारण 250 शब्दांच्या आत असते आणि दुसरीची 600 पर्यंत.

आता भाषेचं. मी आधी लिहिलं होतं, "सायंकाळी पावसाचे आगमन झाले आणि सर्वत्र प्रसन्न वातावरण पसरले." यात मुलाला धरायला काहीच नाही. मग असं केलं: "टप्. एक थेंब नाकावर. टप्. एक थेंब चपलेवर. मिनूने जीभ बाहेर काढली. टप्!" हे वाचताना मुलं आपोआप जीभ बाहेर काढतात, करून बघा. आपल्या भाषेत धप्पकन, सुळकन, गुबगुबीत, बुडबुड असा केवढा खजिना आहे, तो वापरा ना. आणि घरी 'इस्कटलं' म्हणत असतील तर गोष्टीतल्या आजीला 'विस्कटलं' म्हणायला लावू नका.

गोष्टीतली अडचण मुलाने सोडवली पाहिजे, बाबांनी किंवा बाईंनी येऊन नाही. अर्धवट सुटली तरी चालेल. हरवलेली चप्पल मिनूलाच सापडू दे, आणि सापडल्यावर 'वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात' हे वाक्य लिहायचा मोह होईल, पण ते खोडा. मुलांना कळलेलं असतं हो, परत सांगितलं की ती दुखावतात.

चित्रं असणार असतील तर फ्रॉक लाल, भिंत निळी असलं लिहू नका, ते चित्रकार दाखवेल. तुम्ही पान कुठे उलटायचं ते बघा. "कपाटामागे कोण होतं?" इथे पान संपलं पाहिजे, उत्तर पुढच्या पानावर.

मग कच्ची गोष्ट घेऊन तीन-चार मुलांत जमिनीवर बसा आणि मोठ्याने वाचा. आवडली का असं विचारू नका, ती तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात. हातात पेन्सिल ठेवा, जिथे मूल खिडकीकडे बघेल तिथे फुली मारा, जिथे पुढे सरकून पानात डोकं घालेल तिथे टिक. माझ्या पावसाच्या गोष्टीत पहिल्या पानावरच पाच फुल्या पडल्या, मग ते पानच काढलं, आता गोष्ट थेट पहिल्या 'टप्' पासून सुरू होते.