सिंगापूर: सकाळी झाडी, संध्याकाळी पेठ

लेक सिंगापूरला नोकरीला असल्यानं माझ्या तिथं तीन फेऱ्या झाल्या. त्यामुळं मंगळवार पेठेतलं कुणी निघालं की आधी माझ्याकडं येतं. माझी पहिली फेरी टूर कंपनीबरोबर होती. चार दिवस बसच्या काचेतून शहर बघितलं आणि उरलेला वेळ दुकानांत गेला. पुढच्या दोन्ही वेळा मी माझी फिरले, तेव्हा कुठं ते बेट कळलं.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाही तो देश नाही. म्हणून एका दिवसात जंगलही होतं आणि पेठही. वेळ तेवढी नीट लावायची. सकाळी झाडी, दुपारी सावली, संध्याकाळी पेठ. दुपारी घामानं जीव नकोसा होतो आणि पाऊस कधीही येतो, त्यामुळं छत्री पिशवीत हवीच.

व्हिसा आधी काढायचा. शिवाय पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं. ते फुकट असतं, पैसे मागणारी साइट दिसली तर तिथंच बंद करा. मेट्रोला तिथं एमआरटी म्हणतात. परदेशात चालणारं, नुसतं टेकवायचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं बँक कार्ड असलं की तिकिटाची रांग नाही, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं. बसमधून उतरताना कार्ड पुन्हा टेकवायला विसरू नका, नाहीतर शेवटच्या स्टॉपपर्यंतचं भाडं कापतात. गाडीत खाणंपिणं बंद, पाण्याचा घोटसुद्धा नाही.

रंकाळ्याला पहाटे पाचला चालायची सवय असेल तर एक लक्षात ठेवा, तिथं उजाडतंच सातच्या सुमाराला. पहिल्या सकाळी बोटॅनिक गार्डनला जा. 1859 सालची बाग, जागतिक वारसा यादीतली, आणि आत जायला पैसे नाहीत. दुसऱ्या दिवशी मॅकरिची तलाव. तिथल्या जंगलात झाडांच्या शेंड्यांवरून 250 मीटर लांबीचा झुलता पूल आहे. तो सोमवारी बंद असतो आणि तिथवर बरंच चालावं लागतं, म्हणून बूट चांगले घाला. हातात प्लॅस्टिकची पिशवी धरू नका, माकडं ओढतात.

संध्याकाळी साउथ ब्रिज रोड. 1827 पासूनचं मरिअम्मन मंदिर, जवळच मशीद आणि थोडं पुढं बुद्धाचं देऊळ, सगळं एकाच रस्त्याला. तिथून मॅक्सवेलच्या हॉकर सेंटरला, म्हणजे एका छताखालच्या खाऊगल्लीत, जेवायला जा. रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट दिसलं तर ती जागा धरलेली समजा. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो, तसंच. जेवण झालं की ताट आपणच नेऊन ठेवायचं, तो कायदा आहे. शाकाहारी माणसांनी लिटल इंडियात सेरांगून रोडला जावं, तिथं केळीच्या पानावर पोटभर मिळतं.

एक अख्खा दिवस मात्र पुलाऊ उबिन या छोट्या बेटासाठी ठेवाच. बहुतेक टूरवाले तिथं नेत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. तानाह मेराह स्टेशनवरून दोन नंबरची बस चांगी व्हिलेजला जाते. तिथल्या धक्क्यावर लाकडी होडी उभी असते आणि बारा माणसं झाली की सुटते. थेट आपलं वडाप! आम्ही नऊजण बाकड्यावर बसलो होतो. तीन पोरं सायकली घेऊन आली, नावाड्यानं डोकी मोजली आणि इंजिन सुरू केलं. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडं. पैसे रोख लागतात, सुटे ठेवा.

पलीकडं उंच इमारत एकही नाही. जुन्या दगडखाणींत पाणी साचून तळी झालीत, रस्त्याकडेला रानडुकरं दिसतात. सायकल भाड्यानं घ्या आणि आधी ब्रेक दाबून बघा, चढउतार आहेत. बेटाच्या टोकाला चेक जावाचा किनारा आहे, तिथं ओहोटीच्या वेळी पोहोचा, म्हणजे चिखल उघडा पडलेला असतो. मी लाकडी पुलावर ओणवी होऊन बघत होते. बोटाएवढा निवटा, म्हणजे चिखलात राहणारा मासा, वर आला, डोळे फिरवले आणि पंखांवर रेटा देत खारफुटीच्या मुळावर चढला. लेक दोनदा हाक मारून गेली, तरी मी तिथून हलले नाही.