दारू पिणाऱ्या माणसाला उपचारासाठी कसं तयार करावं?

घरात दारू शिरली की आधी रडारड, मग भांडणं, मग मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ. कुणी गळ्यात माळ घालायला लावतं. काही दिवस बरे जातात आणि पुन्हा बाटली येते. शपथ मोडल्याची लाज झाकायला माणूस आणखी पितो, तेव्हा शपथा घालणं आधी थांबवा.

१. पहिल्यांदा तुम्ही जा. तो तयार नसला तरी घरच्यांना समुपदेशकाला भेटता येतं, हेच अनेकांना माहीत नसतं. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. अल-अनॉन या मदतगटाच्या सभा तर पिणाऱ्यांच्या नातेवाइकांसाठीच असतात. जवळपास काही नसेल तर १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर विचारा.

२. पांघरूण घालणं बंद करा. सगळ्यात अवघड हेच. साहेबांना “त्यांना ताप आलाय” असा फोन बायको करते, बारची उधारी आई भागवते, पडलेली गाडी भाऊ उचलून आणतो. प्रेमापोटीच करतात सगळे, पण दारूची किंमत मग त्याच्यापर्यंत पोचतच नाही. “यापुढे उधारी आम्ही देणार नाही” हे आधी शांतपणे सांगा आणि खरंच देऊ नका. जेवण, औषधपाणी मात्र तोडू नका. तो न पिता घरी आला त्या दिवशी त्याच्याजवळ बसा, गप्पा मारा, टोमणा नको.

३. बोलायचं ते उतरलेली असताना. रात्री वाद घालण्यात काही अर्थ नाही. भावकी गोळा करून पंचायत भरवू नका. ज्याचं तो ऐकतो असा एखादा माणूस पुरे. दारू सोडलेला जुना मित्र असेल तर फारच उत्तम. “तू बेवडा आहेस” ऐवजी “परवा शाळेच्या कार्यक्रमात तू पडलास, तेव्हापासून पोरगी तुझ्याशी बोलत नाही” असं, घडलेलं सांगा.

४. तयारी आधीच ठेवा. अपघात, कावीळ, नोकरीवरची नोटीस अशा एखाद्या धक्क्यानंतर होकार येतो आणि संध्याकाळपर्यंत विरतो. म्हणून केंद्र, खर्च, रजा, दुकान कोण बघणार हे ठरलेलं हवं. केंद्राची नोंदणी आहे का, डॉक्टर असतात का, हे स्वतः जाऊन पाहा.

दोन गोष्टी अजिबात नकोत. ‘न सांगता दारू सोडवा’ छाप पावडर जेवणात मिसळू नका. त्यात डायसल्फिराम (दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध) असेल आणि वर तो प्यायला, तर जिवावर बेतू शकतं. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी एकदम तोडू नका. पुढच्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. अशा वेळी थेट रुग्णालयच गाठा.

उचलून नेऊन डांबणारी केंद्रंही असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार इच्छेविरुद्ध भरती ठरावीक परिस्थितीतच, तज्ज्ञांच्या तपासणीनंतर होऊ शकते. मारहाण होत असेल तर मात्र त्याच्या होकाराची वाट बघू नका. मुलांना घेऊन बाहेर पडा, ११२ (पोलीस) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन) लावा.

तो “नाही” म्हणाला तर मागणी लहान करा. भरती नको तर नको, नुसती लिव्हरची तपासणी करून ये म्हणा. फॅमिली डॉक्टरांना मात्र आधी सगळं सांगून ठेवा.