गोल्डन रिट्रिव्हर की सेंट बर्नार्ड? मुंबईतील घरासाठी निवड कशी करावी

मोठा, केसाळ आणि स्वभावाने सौम्य कुत्रा पाळायचा असे घरात ठरले की गोल्डन रिट्रिव्हर आणि सेंट बर्नार्ड ही दोन नावे हमखास निघतात. दोन्ही जाती माणसांत रमणाऱ्या आणि मुलांशी धीराने वागणाऱ्या आहेत, त्यामुळे केवळ स्वभाव किंवा रूप पाहून निवड करू गेल्यास वाद मिटत नाही. निवड शहराची हवा, इमारतीची लिफ्ट आणि घरातील माणसांचे बळ यांवरून करावी. या क्रमाने विचार केल्यास बहुतेक घरांचा निर्णय पहिल्याच पायरीवर होतो.

पायरी १ : आधी हवा पाहावी

सेंट बर्नार्ड हा स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवरील, सुमारे २,४७० मीटर उंचीच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतला कुत्रा. तेथील मठात तो सतराव्या शतकापासून राखणीसाठी आणि पुढे बर्फात हरवलेल्या प्रवाशांच्या शोधासाठी पाळला गेला. गोल्डन रिट्रिव्हर एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये, शिकारीत पडलेले पक्षी पाण्यातून आणि झुडपांतून उचलून आणण्यासाठी तयार करण्यात आला. दोघेही थंड मुलखातले आणि दोघांच्याही अंगावर बाहेर केस व आत दाट, मऊ लव असे दोन थर असतात. खरा फरक आकाराचा आहे. गोल्डनचा नर साधारण ३० ते ३४ किलोंचा असतो, तर सेंट बर्नार्डचा नर ६५ ते ८० किलोंपर्यंत जातो, आणि शरीर जितके अवजड तितकी त्यातील उष्णता बाहेर पडायला वजनाच्या मानाने त्वचा कमी असते.

कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो धापा टाकतो आणि जिभेवरील व तोंडातील ओलावा सुकताना शरीर थंड होते. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर हा ओलावा सुकत नाही, आणि म्हणूनच नागपूरच्या ४५ अंशांपुढे सौम्य वाटणारे मुंबईचे ३३ अंश अशा कुत्र्याला झेपत नाहीत. शिवाय मे महिन्यात येथे रात्रही फारशी निवत नाही. तेव्हा स्वतःला विचारावे : घरात कोणी नसतानाही एसी सुरू ठेवणे परवडेल का? वीज गेली तर काय? घरगुती इन्व्हर्टरवर सहसा पंखा चालतो, एसी नाही. या प्रश्नांची ठाम उत्तरे नसतील तर सेंट बर्नार्डचे नाव यादीतून काढावे. माझे मत त्याही पुढचे आहे : एसीची सोय असली तरी वर्षाचे आठ महिने एका बंद खोलीत ठेवणे हा त्या जनावरावर अन्यायच आहे.

गोल्डनलाही ही हवा सोपी नाही, परंतु सांभाळता येण्याजोगी आहे. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि सूर्यास्तानंतरच त्याला फिरवावे. बाहेर पडण्यापूर्वी रस्त्यावर हाताची पालथी बाजू काही सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणार. उकडते म्हणून अंगावरचे केस मुळापासून भादरू नयेत, कारण बाहेरचा थर उन्हापासून संरक्षण करतो आणि भादरल्यावर तो नीट वाढेलच असे नाही. धाप थांबत नाही, लाळ घट्ट झाली आहे आणि कुत्रा अडखळतो आहे असे दिसताच अंगावर नळाचे पाणी ओतून पंख्याखाली आणावे आणि तातडीने पशुवैद्याकडे न्यावे.

पायरी २ : लिफ्ट, जिने आणि घरातील फरशी

लिफ्ट बंद असताना आजारी कुत्र्याला खाली कोण उतरवणार, हा प्रश्न कुत्रा आणण्यापूर्वीच सोडवावा. तीस किलोंचा गोल्डन दोन माणसे चादरीत घालून उतरवू शकतात. सत्तर किलोंच्या सेंट बर्नार्डला चार माणसे तरी लागतील. दोन्ही जातींत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक विकार आढळतो, आणि गुळगुळीत फरशीवर वारंवार घसरणे वाढत्या सांध्यांना घातक असते, म्हणून पिल्लाच्या वावराच्या जागी चटया किंवा रबरी मॅट अंथराव्यात. हाडे मजबूत व्हावीत म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम पाजण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते देऊ नये, कारण जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते.

सोसायटीचे म्हणाल, तर भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. तरीही शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवणे शहाणपणाचे.

पायरी ३ : रोजचा वेळ

सेंट बर्नार्ड संथ असतो, म्हणून तो फ्लॅटला बरा, असे विकणारे सांगतात. त्यातला पहिला भाग खरा आहे. गोल्डनला मात्र रोज किमान तासभर खरा व्यायाम लागतो, आणि तो मिळाला नाही तर सोफ्याचे पाय व चपला यांवर ती शक्ती खर्च होते. सकाळी लोकल पकडून रात्री परतणाऱ्या आणि मागे कोणी नसलेल्या कुटुंबाने दोन्हींपैकी एकही जात आणू नये.

पायरी ४ : पावसाळा

गळणाऱ्या केसांची तयारी दोघांसाठीही हवीच. पावसाळ्यात आतली लव तासन्‌तास ओली राहते, तिला वास येतो आणि त्वचेवर चट्टे उठतात. म्हणून फिरून आल्यावर टॉवेलने पुसून ड्रायरने मुळापर्यंत वाळवावे. गोल्डनचे लोंबते कान आतून कोरडे ठेवावेत. गोचीड ताप आणि साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) यांविषयी जूनपूर्वीच डॉक्टरांशी बोलून गोचिडांचे औषध आणि लस यांची वेळ ठरवावी. औषधाची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे सेंट बर्नार्डचा खर्च साहजिकच दुपटीच्या घरात जातो.

पायरी ५ : पिल्लू कोठून आणावे

२०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांच्या पैदाशीचा व्यवसाय करणाऱ्याला राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे आणि आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागावा, पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी आणि आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे आहेत का ते विचारावे. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये. घरी आणल्यावर रेबीजची लस वेळेवर टोचून महापालिकेचा परवाना काढावा.

मोठे झाल्यावर न झेपल्याने सोडून दिलेले गोल्डन आणि सेंट बर्नार्डही दत्तक मिळतात. वाढलेल्या कुत्र्याचे वजन आणि स्वभाव आधीच दिसत असल्याने पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्यांनी हा मार्ग जरूर विचारात घ्यावा. पिल्लू असो वा मोठा कुत्रा, शक्यतो नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान घरी आणावा, म्हणजे नवे घर आणि मुंबईचा उन्हाळा दोन्ही एकदम अंगावर येणार नाहीत.